आकाशातून इंटरनेट : परवडेल का?

मांजरीत आज बहुतेक घरांत मोबाईल आहे. बाजारभाव बघता येतो, परगावच्या मुलाचे तोंड दिसते. हे इंटरनेट फोनपर्यंत येते टॉवरवरून. टॉवरला जागेचे भाडे, वीज, देखभाल असा खर्च आहे. पण मांजरीत वस्ती दाट. जो तो थोडेथोडे देतो आणि खर्च निघतो.

आता नंदुरबारकडचा, सातपुड्यातला एखादा पाडा घ्या. घरे दहा, तीही विखुरलेली. तिथे टॉवर कोण उभारील?

म्हणून काही कंपन्यांच्या मनात आले, टॉवरच आकाशात नेला तर? दिवा उंच टांगला की उजेड लांब पडतो, तसेच हे.

फेसबुक कंपनीने ‘अक्विला’ नावाचे विमान केले. त्यात वैमानिक नाही, आणि ते चालायचे उन्हावर. २०१६ साली ते पहिल्यांदा उडाले. उतरताना पंख मोडला. २०१८ साली कंपनीने तो नाद सोडला.

‘लून’ कंपनी गूगलच्या घरातली. तिने फुगे सोडले. जत्रेतले फुगे नव्हेत बरं का! हे तरंगायचे जमिनीपासून सुमारे २० किलोमीटर वर. जुलै २०२० मध्ये आफ्रिकेतल्या केनिया देशात त्यांची सेवा सुरू झाली. फुगे सुमारे ३५, आणि मुलूख सुमारे ५०,००० चौरस किलोमीटर. आपल्या पुण्यासारखे तीन जिल्हे त्यात मावतील!

मग घोडे अडले कुठे? हिशेबात. टॉवर एकदा उभारला की वर्षानुवर्षे जागा सोडत नाही. फुगा वाऱ्याबरोबर सरकतो. एक सरकला की त्याच्या जागी दुसरा हवा. काही महिन्यांनी तो उतरवायचा आणि नवा सोडायचा. बरं, खाली गिऱ्हाईक कोण? ज्याला नवा फोन घेणेच जड, तो. पैसेवाली दाट वस्ती असते तिथे टॉवर आधीच असतात. जानेवारी २०२१ मध्ये लूनने काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. खर्च पुरेसा खाली आणता आला नाही, असे चालकांनीच सांगितले.

फुगे कुचकामी होते असे मात्र नाही. २०१७ साली पेरू देशात महापूर आला, तेव्हा त्यांनीच लोकांना इंटरनेट दिले. संकटात कोणी नफा मोजत नाही. धंद्यात तो रोज मोजावा लागतो.

आता पाळी उपग्रहांची. ते शेकडो किलोमीटर वरून फिरतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव हे जिल्हे त्यात आहेत. या सेवेला खाली एक तबकडी लागते. ती घरोघर घ्यायची म्हटली तर पाड्याला झेपायची नाही. शाळेत किंवा दवाखान्यात एकच बसवली, तर तिचा खर्च साऱ्यांत वाटला जातो.