बाकारा : नऊच्या पुढे शून्य

शेवटच्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर टाकला आणि आमची सहा जणांची गँग गोव्याला गेली. बीच, किल्ले, फिश थाळी यथासांग झाल्यावर शेवटच्या रात्री मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो बोटीवर गेलो. (आत जायला वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात, तेव्हा एफई-एसईवाल्यांनी उगाच बॅगा भरू नयेत.) तिथे आमच्या रूम पार्टनरने ७,५०० रुपये घालवले. त्यात मेसचे थकलेले पैसेही होते. खेळ होता बाकारा. स्पेलिंगच्या शेवटी टी आहे, पण तो म्हणायचा नाही. परतताना ट्रेनमध्ये मी कागद-पेन घेऊन बसलो, त्यातून हा लेख झाला.

खेळ तसा तीन पत्तीपेक्षा सोपा. सहसा पत्त्यांचे आठ कॅट एकत्र पिसून एका खोक्यात ठेवतात, त्याला म्हणतात 'शू'. टेबलावर दोन बाजू : प्लेयर आणि बँकर. ही नुसती नावं. प्लेयर म्हणजे तुम्ही नव्हे आणि बँकर म्हणजे कॅसिनो नव्हे. अंदर-बाहरसारखंच, पानं वाटायच्या आधी प्लेयर, बँकर किंवा टाय यावर चिप्स लावायच्या आणि मग गप्प बसून बघायचं. बाकी सगळं नियमाने आपोआप होतं.

एक्क्याचा १, दुर्री ते नव्वीचे पानावरचे आकडे, आणि दश्शी, गुलाम, राणी, राजा म्हणजे भोपळा. दोन्ही बाजूंना दोन-दोन पानं. बेरजेतला फक्त एककाचा आकडा धरायचा. सी शिकलेल्यांसाठी, बेरीज मॉड १०. सत्ती आणि नव्वी मिळून १६, म्हणजे ६. नऊच्या जवळ जो, तो जिंकला. पहिल्या दोन पानांतच कोणाचे ८ किंवा ९ झाले, तर डाव खलास.

नाहीतर तिसरं पान. प्लेयरचे ० ते ५ असतील तर त्याला एक पान मिळतं, ६-७ ला नाही. प्लेयरने पान घेतलं नसेल तर बँकरलाही हाच नियम. घेतलं असेल, तर मात्र बँकर ते पान बघून ठरवतो : ०, १, २ वर नेहमी घेतो, ३ वर, ते पान अठ्ठी नसेल तर, ४ वर, ते २ ते ७ असेल तर, ५ वर ४ ते ७, ६ वर फक्त ६ किंवा ७, आणि ७ वर कधीच नाही. पाठ करू नका, वायवाला येणार नाही, आणि डीलर बघून घेतो. पण बँकर मागून खेळतो म्हणून थोडा जास्त वेळा जिंकतो, हे लक्षात ठेवा.

किती जास्त? दहा हजार डावांत सरासरी बँकर ४,५८६, प्लेयर ४,४६२, टाय ९५२. मग सगळ्यांनी बँकरवरच लावावं की! इथेच मेख आहे. बँकरवर जिंकलात तर शंभराला ९५च मिळतात, ५ टक्के कमिशन. त्यामुळे लावलेल्या शंभर रुपयांमागे सरासरी १ रुपया ६ पैसे जातात. प्लेयरवर १ रुपया २४ पैसे. टाय झाली की या दोन्हींचे पैसे परत. टायवर लावले असतील तर आठपट मिळतात, ऐकायला झकास, पण तिथे शंभरामागे १४ रुपये जातात. टायच्या नादी लागूच नये.

आता आमच्या वीराचं शास्त्र. टेबलाशेजारी स्क्रीनवर आधीच्या डावांचे लाल-निळे गोळे दिसतात. सलग चार वेळा बँकर आला होता. हा म्हणाला, "आता प्लेयर येणारच रे!" गेलेल्या पानांचा पुढच्या डावावर परिणाम होतो, पण नगण्य. पानं मोजून ब्लॅकजॅक हरवणाऱ्या एडवर्ड थॉर्पलाही इथे प्लेयर-बँकरवर कमाई करण्याजोगं काही सापडलं नाही. याने लावले ५००. हरला की दुप्पट : १,०००, २,०००, ४,०००. एकदा जिंकलं की सगळं वसूल आणि वर ५०० फायदा. चारही वेळा बँकर आला. पुढचा आकडा होता ८,००० आणि खिशात होतं परतीचं तिकीट.

ट्रेनमधला हिशेब असा. टाय सोडल्या तर प्लेयरवर सलग चार वेळा हरणं साधारण पंधरात एकदा घडतं. म्हणजे चौदा वेळा ५०० मिळणार, झाले ७,०००. आणि एकदा ७,५०० जाणार. हे त्याला दाखवलं तर म्हणतो, "मग पाच डावांचे पैसे नेले असते तर?" पाच डावांचं गणित मी कर्जत येईपर्यंत सोडवून दिलं. तिथेही उत्तर उणेच आलं.

मेसचे पैसे आम्ही पाच जणांनी भरले. नोकरी लागल्यापासून तो दरमहा ५०० फेडतोय. माझा नंबर शेवटचा आहे.