दोन विजेते, पण मैदान कुणाचं?

चषकांच्या गोष्टी : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण युरोपियन चषकाचा जन्म पाहिला. १९५५ मध्ये तो सुरू झाला. पुढे पाच वर्षांनी, १९६० मध्ये, दक्षिण अमेरिकेनेही आपल्या विजेत्या क्लबांसाठी स्पर्धा काढली, तीच आज कोपा लिबर्तादोरेस म्हणून ओळखली जाते. दोन खंडांचे दोन विजेते तयार झाल्यावर त्यांच्यात भारी कोण, हे कुणीतरी विचारणारच होतं. ते त्याच वर्षी विचारलं गेलं. रेआल माद्रिद आणि उरुग्वेचा पेन्यारोल समोरासमोर आले. माँतेविदेओत ०-०, माद्रिदमध्ये रेआलचा ५-१ असा दणदणीत विजय. इंटरकॉन्टिनेंटल चषकाची सुरुवात अशी सुरळीत झाली.

पुढची वीस वर्षं मात्र तशी गेली नाहीत. त्याचं मूळ खेळाडूंच्या स्वभावात शोधण्याची सवय आहे. मला ते चषकाच्या रचनेत दिसतं.

आपल्याकडे इराणी चषकात रणजी विजेता शेष भारताशी खेळतो, तेव्हा दोन्ही संघांच्या डोक्यावर एकच मंडळ असतं. तारीख, पंच, नियम, शिक्षा सगळं एकाच कचेरीतून ठरतं. इंटरकॉन्टिनेंटल चषकाला असा धनी नव्हता. युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या संघटनांनी मिळून तो चालवला आणि फिफा बराच काळ त्यापासून अंतर राखून होती. मग तोडगा निघाला तो दोन गावांच्या सोयरिकीसारखा : एक सामना तुमच्या दारात, एक आमच्या दारात.

त्यातही हिशेब गोलांचा नव्हता, गुणांचा होता. एकेक सामना दोघांनी जिंकला की बरोबरी, मग गोल कितीही होवोत. १९६१ मध्ये बेनफिकाने लिस्बनला पेन्यारोलला १-० ने हरवलं. परतीच्या सामन्यात पेन्यारोलने त्यांना ५-० ने धुतलं. दोन्ही मिळून ५-१, तरीही निकाल नाही! दोनच दिवसांनी तिसरा, निर्णायक सामना आणि तोही माँतेविदेओतच. बेनफिकाने त्यासाठी एका कोवळ्या पोराला घाईघाईने बोलावून घेतलं. त्याचं नाव युझेबियो. त्याने गोलही केला, पण पेन्यारोलने २-१ ने बाजी मारली.

या रचनेतून सुंदर फुटबॉलही पाहायला मिळालं. १९६२ मध्ये सांतोसकडून पेलेने लिस्बनमध्ये, बेनफिकाच्या घरात, हॅट्‌ट्रिक केली आणि सांतोस ५-२ ने जिंकला. पण दोन सामन्यांच्या मध्ये काही दिवसांची फट असते. पहिल्या सामन्यातल्या कोपरखळ्या, पंचांचे निर्णय, हॉटेलबाहेरचा गोंगाट यांवर तेवढ्या वेळात वर्तमानपत्रं तेल ओतत राहतात. दुसरा सामना सुरू होतो तो मागची उधारी वसूल करायलाच. हे सगळं एका लढतीत बघायचं असेल तर १९६७ ची सेल्टिक विरुद्ध रेसिंग पाहावी.

ग्लासगोचा सेल्टिक त्या वर्षी मे महिन्यात लिस्बनला इंटर मिलानला हरवून युरोपचा विजेता झाला होता. हा मान मिळवणारा तो पहिलाच ब्रिटिश क्लब, आणि त्याचे झाडून सगळे खेळाडू ग्लासगोच्या आसपासच्या तीस मैलांतले. समोर अर्जेंटिनाच्या आवेयानेदाचा रेसिंग. वातावरण आधीच तापलेलं होतं. आदल्या वर्षी विश्वचषकात इंग्लंड-अर्जेंटिना सामन्यात अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला बाहेर काढलं होतं आणि इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅम्सी यांनी अर्जेंटिनाच्या खेळाडूंची तुलना जनावरांशी केली होती. सेल्टिक इंग्लंडचा नव्हे, स्कॉटलंडचा संघ. पण अर्जेंटिनाच्या प्रेक्षकांना एवढा फरक करण्याची गरज वाटली नाही.

१८ ऑक्टोबरला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर बिली मॅकनीलच्या हेडरने सेल्टिक १-० ने जिंकला. १ नोव्हेंबरला आवेयानेदात सामना सुरू व्हायच्या आधीच सेल्टिकचा गोलरक्षक रॉनी सिम्पसन याच्या डोक्यावर काहीतरी आदळलं. ऐन वेळी जॉन फॅलनला उभं करावं लागलं. टॉमी जेमेलने पेनल्टीवर गोल करून पाहुण्यांना पुढे नेलं, पण राफ्फो आणि कार्देनास यांनी रेसिंगला २-१ असा विजय मिळवून दिला. आता एकेक सामना दोघांच्या खात्यावर, म्हणजे तिसरा सामना आला. सेल्टिकचे अध्यक्ष रॉबर्ट केली घरी परतायच्या बाजूचे होते. प्रशिक्षक जॉक स्टीन यांना खेळायचं होतं. सेल्टिक थांबला.

४ नोव्हेंबरला माँतेविदेओच्या सेंतेनारियो मैदानावर जे झालं त्याला फुटबॉल म्हणावं का, हा प्रश्नच आहे. पंच पॅराग्वेचे रोदोल्फो पेरेस ओसोरियो. तेव्हा पंचांच्या खिशात पिवळं किंवा लाल कार्ड नव्हतं. ती कार्डं १९७० च्या विश्वचषकात आली, आणि त्यांची कल्पना इंग्लंडचे पंच केन ॲस्टन यांना सुचली ती रातीनच्याच त्या प्रसंगानंतरच्या गोंधळातून. तोवर बाहेर काढायचं म्हणजे बोट दाखवायचं, बोलायचं आणि समोरच्याला कळेल अशी आशा करायची. स्पॅनिश बोलणारा पंच आणि ग्लासगोची पोरं यांच्यात ती आशा फारशी टिकली नाही. सामन्यात सहा जणांना हाकलण्यात आलं : सेल्टिकचे लेनॉक्स, जॉनस्टन, ह्यूज आणि ऑल्ड, रेसिंगचे बासीले आणि रुली. ऑल्डने तर बाहेर जायला साफ नकार दिला आणि शिट्टी वाजेपर्यंत तो मैदानातच राहिला. पोलीस मैदानात उतरले ते वेगळंच. या धुमश्चक्रीत कार्देनासने लांबून मारलेला एक अप्रतिम फटका जाळ्यात गेला. रेसिंग १-० ने जिंकला आणि अर्जेंटिनाला क्लब फुटबॉलमधला पहिला जगज्जेता मिळाला. सेल्टिकच्या संचालकांनी आपल्याच खेळाडूंना प्रत्येकी अडीचशे पौंड दंड केला.

पुढे गुणांऐवजी गोलांची बेरीज धरायला सुरुवात झाली आणि तिसऱ्या सामन्याचं झंझट मिटलं. घर-पाहुणा ही रचना मात्र तशीच होती. १९६९ मध्ये अर्जेंटिनाचा एस्तुदियांतेस विरुद्ध इटलीचा मिलान या लढतीत ब्वेनोस आयरेसला कहर झाला. मिलानचा नेस्तोर कोम्बीन मूळचा अर्जेंटिनाचा, खेळायचा फ्रान्सकडून. त्याला रक्तबंबाळ होईतो मारलं आणि वर सामन्यानंतर लष्करी सेवा चुकवल्याच्या आरोपाखाली पोलिसांनी त्यालाच पकडलं. एकूण ४-२ अशा फरकाने चषक मिलानला मिळाला. या वेळी अर्जेंटिनाचे लष्करशहा ओंगानिया यांनाही लाज वाटली असावी. एस्तुदियांतेसच्या तीन खेळाडूंना तीस दिवसांची कैद झाली.

मग युरोपचे विजेते पाठ फिरवू लागले. आयाक्सने १९७१ आणि १९७३ मध्ये नकार दिला, नंतर बायर्न, लिव्हरपूल, नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांनीही. त्यांच्या जागी उपविजेते जायचे. १९७४ मध्ये अशाच बदली आलेल्या ॲटलेटिको माद्रिदने चषक जिंकला. युरोपियन चषक कधीही न जिंकता जगज्जेता झालेला तो एकमेव क्लब. १९७५ आणि १९७८ मध्ये तर लढतच झाली नाही.

चषक वाचला तो जपानमुळे. टोयोटाने पैसा दिला आणि १९८० च्या चषकाची लढत ११ फेब्रुवारी १९८१ रोजी टोकियोत झाली : उरुग्वेचा नासियोनाल १, नॉटिंगहॅम फॉरेस्ट ०. सामना एकच, त्यामुळे उधारी ठेवायला दुसरा सामनाच उरला नाही. यजमान कुणीच नाही, त्यामुळे दगड मारायला प्रेक्षक नाही. सामनावीराला गाडी. पुढच्याच लढतीत झिकोच्या फ्लामेंगोने लिव्हरपूलला ३-० ने गारद केलं, आणि युरोपच्या विजेत्यांनी नकार देणं बंद झालं. ज्या खेळाडूंना वीस वर्षं दांडगट म्हटलं गेलं, त्यांच्याच वारसांनी पुढे पंचवीस वर्षं हा सामना सभ्यपणे खेळून दाखवला.

किंमत मोजावी लागलीच. चषक क्लबच्या घरातून उठून प्रायोजकाच्या दारी गेला आणि माँतेविदेओच्या माणसाला आपला संघ जगज्जेता होताना टीव्हीवरच पाहावा लागला. पण निकाल बघा. २००४ मध्ये योकोहामात पोर्तोने ओन्से काल्दासला पेनल्टींवर हरवून या चषकाचा पडदा पाडला, तेव्हा ४३ लढतींत दक्षिण अमेरिकेचे २२ विजय होते आणि युरोपचे २१. सामना न्याय्य व्हायला दोन्ही बाजूंची माणसं सज्जन असावी लागतात असं नाही. दोघांपैकी कुणाचंही नसलेलं मैदान पुरतं.

ही बरोबरी पुढे टिकली नाही. २०१२ च्या कोरिंथियान्सनंतर दक्षिण अमेरिकेच्या एकाही क्लबला इंटरकॉन्टिनेंटल चषकाची जागा घेणारा क्लब विश्वचषक जिंकता आलेला नाही. मैदान तटस्थ असूनही तराजू एका बाजूला का कलला, याचं उत्तर एका बेल्जियन खेळाडूच्या कोर्टातल्या खटल्याशी जोडलेलं आहे. पुढच्या आठवड्यात : बोसमन आणि क्लबांची बदललेली बाजारपेठ.