निरोप थांबवणंही तितकंच महत्त्वाचं

अ‍ॅड्रेनलिन हृदयाच्या पेशीत शिरत नाही, तरी ठोके वाढतात. पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेलं ग्राहक-प्रथिन त्याला बाहेरच पकडतं आणि त्या प्रथिनाच्या आतल्या भागाचा आकार बदलतो. तिथलं जी-प्रथिन मग जीडीपी हा रेणू सोडून जीटीपी धरतं, त्याचा अल्फा भाग सुटा होऊन एका एन्झाइमला चालना देतो आणि सायक्लिक एएमपी हा पेशीच्या आत निरोप पुढे नेणारा रेणू तयार होऊ लागतो. एवढी लांब साखळी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण चालू झालेलं एकेक एन्झाइम असे कितीतरी रेणू बनवतं. क्षीण इशारा इथेच बळावतो.

माझ्या मते खरी करामत मात्र थांबण्यात आहे. अल्फा भाग जीटीपी स्वतःच तोडतो आणि बंद होतो. याचा पुरावा कॉलऱ्यात मिळतो. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये कोलकात्यात दाखवून दिलेलं कॉलऱ्याचं विष नेमकं हे तोडणंच रोखतं. मग आतड्याच्या पेशींत सायक्लिक एएमपी साचत जातं आणि क्षार-पाणी बाहेर वाहत राहतं. विष तर ग्राहकाला वगळूनच काम करतं, मग हा पुरावा कसा, असं कुणी म्हणेल. उलट त्यामुळेच बिघाड मधल्या दुव्यातला आहे हे पक्कं होतं.