अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर : बोरिवली ते लडाख

मुंबईच्या उपनगरांतून लडाखला जाणारे आता थोडे नाहीत. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांत लडाख पाहून आलेले एखादे तरी घर असतेच. त्यांच्याशी बोलताना एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो : गोंपांमधली ती अनेक मस्तकांची मूर्ती बुद्धाच्या धर्मात आली कुठून? 'तिबेटी कल्पना असणार,' असे उत्तरही बहुतेक जण स्वतःच देऊन टाकतात. मला वाटते, या उत्तरासाठी आधी बोरिवलीलाच उतरावे.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी म्हणजे जुना कृष्णगिरी. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासपासून सुमारे हजार वर्षे इथे भिक्षूंचा राबता होता. ४१ क्रमांकाच्या लेण्यात एक उभी मूर्ती आहे. तिला चार हात आहेत आणि मुख्य मस्तकावर दहा लहान मस्तके रचलेली आहेत. हा एकादशमुख अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व. मूर्तीचा काळ साधारण पाचवे-सहावे शतक मानतात. तिबेटात बौद्ध धर्माला राजाश्रय मिळाला तो सातव्या शतकात. म्हणजे ही कल्पना हिमालयातून खाली आलेली नाही. ती भारतातच घडली आणि नंतर वर गेली.

कान्हेरीला या बोधिसत्त्वाचे इतके महत्त्व का, याचे उत्तर ९० क्रमांकाच्या लेण्यात मिळते. तिथे मध्यभागी अवलोकितेश्वर उभा आहे आणि दोन्ही बाजूंना संकटांत सापडलेली माणसे कोरली आहेत. आग, सिंह, साप, हत्ती, चोर, बुडणारे जहाज ही ती संकटे. सोपारा आणि कल्याण ही बंदरे जवळच होती. समुद्रावर आणि घाटवाटांवर जीव मुठीत धरून चालणाऱ्या व्यापाऱ्यांचा हा राखणदार होता. प्रवासाची भीती जिथे मोठी, तिथे त्याची भक्तीही मोठी.

लडाखला ही परंपरा कोकणातून थेट पोहोचली नाही. तिचा मुख्य रस्ता काश्मीरमधून गेला. रिन्चेन झांगपो (९५८–१०५५) या भाषांतरकाराने काश्मीरला जाऊन ग्रंथ आणि कारागीर पश्चिम तिबेटात आणले. अल्चीच्या तीन मजली मंदिरातील भव्य अवलोकितेश्वराच्या धोतरावर काश्मिरी देवळे आणि वाडे रंगवलेले आहेत. लामायुरूजवळच्या वानला गावातील मंदिराची तर मुख्य मूर्तीच एकादशमुख आहे. तिबेटी कथा सांगते की, जगाचे दुःख काही केल्या संपेना, तेव्हा त्याच्या मस्तकाची शकले झाली आणि अमिताभ बुद्धाने त्यांचीच नवी मस्तके केली. एका मस्तकाला न पेलणारी करुणा, हा त्या मस्तकांचा अर्थ.

खिंडींच्या प्रदेशात ही करुणा का रुजली, हे शरीरालाच कळते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू मुंबईच्या साधारण दोन तृतीयांश. विमानाने काही तासांत समुद्रसपाटीवरून तिथे उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांतीच घ्यावी. डोकेदुखी, मळमळ वाढली तर आणखी वर चढू नये आणि धाप किंवा भ्रम जाणवला तर लगेच खाली यावे. पूर्वीचा वाटसरू हीच उंची आठवडेच्या आठवडे चालून गाठत असे. शरीर सरावत असे, पण हिम आणि कडे चुकत नसत. कोकणातल्या खलाशाला जे वादळ, तेच त्याला खिंडीतले हिम.

फरक एवढाच की, वानलामध्ये आजही या बोधिसत्त्वापुढे दिवा लागतो आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना त्याचे नाव ठाऊक असते. कान्हेरीत पूजा थांबली आणि नावही विसरले गेले. सुटीच्या दिवशी शेकडो माणसे ४१ क्रमांकाच्या लेण्यापर्यंत न जाताच परततात. लडाख पाहून आलेला माणूस मात्र तिथे थांबू शकतो, कारण मूर्तीची ओळख त्याला पटते. आपल्याच डोंगरात आपण जे विसरलो, ते हिमालयाने सांभाळून ठेवले आहे. ते परत आणायला फार काही लागत नाही, ओळखून नाव घेतले तरी पुरे.