यीस्टच्या जोडीला बुरशी

भाकरीचा घास चावत राहिलो की तो गोडसर लागतो. लाळेतले अमायलेज हे एन्झाइम स्टार्चची साखर करू लागते. धान्याच्या दारूचे सारे गणित इथेच आहे. यीस्ट साखर खाते, स्टार्चला मात्र शिवत नाही. म्हणून स्कॉटलंडात बार्लीला मोड आणतात. मोडांत ही एन्झाइम्स आयती मिळतात.

जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी मोडांना फाटा दिला. साके या जपानी दारूसाठी शिजवलेल्या तांदळावर वाढवतात ती, हीच एन्झाइम्स बनवणारी कोजी बुरशी त्यांनी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली आणि १८९०च्या दशकारंभी अमेरिकेतल्या पिओरियात तिच्यावर व्हिस्की करून पाहिली. मोड आणलेली बार्ली, म्हणजे माल्ट, विकणाऱ्यांच्या पोटात गोळा येणारच! पुढे कारखान्याला आग लागली, धंदा बसला. पण १८९४ साली कोजीतल्या एन्झाइमचे पेटंट मिळाले, आणि ‘ताकाडायस्टेज’ पचनाचे औषध म्हणून खपले. मला हा शेवट व्हिस्कीपेक्षा झकास वाटतो.

आता बुरशीजन्य एन्झाइम मिसळलेले यीस्टच पुडीत मिळते. मोड आणायची गरज नाही. तरी घरी भट्टी लावायच्या फंदात पडू नका. अल्कोहोलची वाफ ठिणगीने भडकते, आणि महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणे हा १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे.