किती मोठ्या चौकटीत मोजायचं?

लोणारच्या विवरात आणि त्यातल्या खाऱ्या सरोवरात जीवांच्या जाती किती, याला एका आकड्याचं उत्तर नाही. आधी विचारावं लागतं, किती जागेत? सरोवराच्या हातभर पाण्यात पाहिलं तर मोजकेच प्रकार सापडतात. पाण्याचा सामू (पीएच) दहाच्या आसपास. तो सोसणारे जिवाणू आणि स्पिरुलिना यांचंच तिथे राज्य. पण चौकट विवराच्या कडांपर्यंत, म्हणजे सुमारे १.८ किलोमीटर रुंद करा. खारं पाणी, मग चिखल, मग वेडी बाभूळ, वर उतारावर सागाचं पानझडी रान आणि एका बाजूला धारेचं गोडं पाणी. थोडं चाललं की वस्ती बदलते. लोणारची खरी श्रीमंती या बदलात आहे.

रॉबर्ट व्हिटेकर या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये हे तीन पातळ्यांवर मांडलं: एका जागेतली विविधता अल्फा, जागांमधला फरक बीटा आणि साऱ्या प्रदेशाची मिळून गॅमा.

हीच मांडणी लोणारहून कितीतरी मोठ्या चौकटीत, समुद्रातल्या प्रवाळांवर, लावून पाहता येते. एकाच खडकावर कोणतं प्रवाळ कुठे टिकेल, हे उजेड, खोली आणि लाटांचा मारा ठरवतात. पण इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या सागरी पट्ट्यात दगडी प्रवाळांच्या सहाशेच्या आसपास जाती आहेत, कॅरिबियनमध्ये जेमतेम साठ-पासष्ट. ऊन तेच, ऊबही तशीच. तरी कॅरिबियनचा एखादा खडक कितीही निरोगी असला, तरी जी जात त्या समुद्रातच नाही ती त्याच्यावर कुठून येणार? छोट्या जागेची श्रीमंती मोठ्या प्रदेशाच्या इतिहासावर उभी असते. आपल्या मालवणला पावसाळ्यात पाणी गढूळ होतं, त्यामुळे तिथे गाळ सोसणारी चिवट प्रवाळंच टिकतात. नितळ पाण्याच्या लक्षद्वीपला जाती कितीतरी जास्त.

श्रीमंती अशी एका जागेपुरती नसते, ती जागांमधल्या फरकातही असते. म्हणूनच लोणारच्या जातींची नुसती यादी करून जपणूक होणार नाही, असं मला ठामपणे वाटतं. २०२० मध्ये सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी आटलं, क्षार वाढले आणि सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यामागे हॅलोआर्किया हे क्षारप्रेमी सूक्ष्मजीव आढळले. पुढे पावसाचं पाणी मिसळलं आणि तो रंग ओसरला. खारेपणा असा खालीवर झाला की पाणी, चिखल, रान या पट्ट्यांच्या सीमाही सरकतात. वेडी बाभूळ चिखलापासून उतारापर्यंत पसरली, तर एकही जात नाहीशी न होता दोन पट्टे एकसारखे होऊ शकतात, आणि जातींच्या यादीत हे नुकसान दिसतही नाही.