नळदुर्गचा पाणीमहाल

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटर गेले, की नळदुर्ग लागते. हे गाव धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात आहे. नावातला ‘ळ’ उर्दूत नाही, म्हणून आपण ‘नलदुर्ग’ लिहितो आणि म्हणतोही तसेच. मराठीच्या तासाला मात्र जीभ थोडी मागे वळवावी!

गावाला लागूनच काळ्या दगडाचा भव्य किल्ला आहे. शेजारी रणमंडळ नावाचा छोटा किल्ला आणि दोहोंच्या मध्ये बोरी नदी. विजापूरचा बादशाह दुसरा इब्राहीम आदिलशाह याच्या काळात, १६१३ साली, नदीवर भिंत बांधून हे दोन्ही किल्ले जोडले गेले. बांधणाऱ्याचे नाव मीर इमादीन. भिंतीमुळे पाणी अडले. किल्ल्याला पिण्याचे पाणी मिळाले आणि शत्रूची वाटही बंद झाली. एवढे झाले तरी पुष्कळ होते. पण या कारागिराने भिंतीच्या पोटातच महाल बांधला!

मी पहिल्यांदा किल्ला पाहिला, तेव्हा शाळेत शिकत होतो. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. धबधबे नाहीत, नुसती कोरडी भिंत. मी फार हिरमुसलो. पुढे शिक्षक झाल्यावर भर पावसाळ्यात मुलांना घेऊन गेलो. भिंतीच्या माथ्यावरून पायऱ्या उतरून आम्ही महालात आलो. खिडकीसमोर पाण्याचा पांढरा पडदा कोसळत होता. आवाजाने बोललेले ऐकू येईना.

“सर, पाणी आत का येत नाही?” एका मुलाने कानाशी ओरडून विचारले.

उत्तर मला त्या कोरड्या वर्षीच मिळाले होते. पाणी सांडण्यासाठी भिंतीत दोन वाटा ठेवल्या आहेत. त्यांतून पाणी खिडक्यांच्या पुढे पडते, म्हणून खोल्या भिजत नाहीत. पाणी वाहत असताना या वाटा दिसत नाहीत. या दोन धबधब्यांना लोक ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात. वरच्या अंगाला असलेले बोरी धरण भरून सांडले, तरच ते वाहतात. आपल्या जिल्ह्यात हे दरवर्षी घडत नाही.

महालात फारसी शिलालेख आहे. आमची मुले बराच वेळ तेथेच उभी होती. अर्थ लागेना, पण अक्षरे ओळखीची! एकाला ‘इब्राहीम’ सापडले, तेव्हा सगळे तिकडे धावले.

किल्ल्यात पाकळ्यांसारखा नऊ बुरूज आणि उंच उपळी बुरूजही आहे. उपळीवर जुन्या तोफा आहेत. तेथे वारा सोसाट्याचा असतो, टोप्या सांभाळाव्यात. किल्ल्याबाहेर खंडोबाचे मंदिर आहे. देवाची मूर्ती वर्षातून सुमारे पावणेदोन महिने येथे आणि बाकीचे दिवस शेजारच्या अणदूरला असते. ती नेताना दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात.

संध्याकाळी आम्ही एस. टी. स्टँडवर आलो, तेव्हा तो शिलालेखवाला मुलगा वहीत तारखेचे आकडे उतरवत होता. त्याला हिजरी सनाचे इसवी सन कसे काढतात, ते हवे होते. बस यायला अजून वेळ होता. आम्ही तेथेच बाकावर गणित मांडले.